सुताचा कंटेनर मागवण्याआधी: अँटी-डंपिंग शुल्क कसे तपासावे, कसे मोजावे

परदेशी सुताचा भाव किलोमागे तीस-चाळीस रुपयांनी उतरलेला दिसला की पहिला फोन दलालाला जातो, दुसरा बँकेला आणि बंदरावर माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटला शेवटचा. हा क्रम उलटा करायला हवा. अँटी-डंपिंग शुल्क बहुतेक वेळा मालाच्या किमतीवर टक्क्यांनी लागत नाही. किलोला किंवा टनाला ठरावीक डॉलर असे लागते. माल कितीही स्वस्तात पाडून घेतला तरी ते तेवढेच राहते, आणि त्याचे इनपुट क्रेडिट (जीएसटीतून मिळणारी वजावट) मिळत नाही. भावातली बचत एका अधिसूचनेत धुऊन निघते.

पुढची माहिती दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे: आयात सूत, तंतू किंवा कापड घेणारे यंत्रमागधारक व व्यापारी, आणि चौकशी सुरू झाल्यावर आपली बाजू मांडू पाहणारे.

डंपिंग म्हणजे स्वस्त माल नव्हे

परदेशी गिरणी आपल्या देशात ज्या भावाने विकते, त्याहून कमी भावाने भारताला विकते, तेव्हा ते डंपिंग. तिथल्या भावाला ‘सामान्य मूल्य’ म्हणतात. सामान्य मूल्यातून निर्यात भाव वजा केला की उरते ती डंपिंगची तफावत. पण नुसते डंपिंग सिद्ध होऊन शुल्क लागत नाही. त्यामुळे इथल्या उत्पादकांना इजा झाली, आणि ती याच मालामुळे झाली, हेही दाखवावे लागते. याचा कायदा म्हणजे सीमाशुल्क दर अधिनियम १९७५ चे कलम ९अ आणि त्याखालचे १९९५ चे नियम.

दर कसा ठरतो हे समजले की अधिसूचनेतले आकडे गूढ वाटत नाहीत. समजा, सामान्य मूल्य किलोला १० डॉलर आणि निर्यात भाव ८ डॉलर. तफावत २ डॉलर. आता इथल्या गिरणीला वाजवी परतावा मिळेल असा भाव काढतात. त्यात गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा धरण्याची जुनी पद्धत आहे. तो भाव ९.२० डॉलर निघाला आणि आयात माल सीमाशुल्कासह ८.६० ला पडत असेल, तर इजेची तफावत ०.६० डॉलर. २ आणि ०.६० यांतली लहान रक्कम हेच शुल्क. एकाच देशातल्या दोन गिरण्यांचे दर वेगळे का, याचे उत्तर यातच आहे: प्रत्येकीचा हिशेब वेगळा होतो. ज्या गिरण्या चौकशीत माहितीच देत नाहीत, त्यांना उपलब्ध माहितीवरून सर्वांत जड दर लावला जातो.

चौकशी करते वाणिज्य मंत्रालयाखालचे व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर. मे २०१८ मध्ये ते स्थापन झाले; त्याआधी हे काम डीजीएडीकडे होते. पण डीजीटीआर फक्त शिफारस करते. शुल्क लावते अर्थ मंत्रालय, अंतिम निष्कर्षानंतर तीन महिन्यांच्या आत. ‘शुल्क लागले’ अशी बातमी आली की ती शिफारशीची आहे की अधिसूचनेची, हे पहिले बघा. अर्थ मंत्रालयाने शिफारस बाजूला ठेवल्याची उदाहरणे २०२१ नंतर भरपूर आहेत.

कापडावर क्वचित, सुतावर वारंवार

अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांकडे देशातल्या एकूण उत्पादनाचा किमान २५ टक्के वाटा लागतो, आणि पाठिंबा विरोधापेक्षा जास्त असावा लागतो. कृत्रिम तंतू बनवणारे मोजके. ते एका टेबलावर बसून अर्ज करू शकतात. कापड विणणारे लाखांत, गावोगाव विखुरलेले, खर्चाची पत्रके ठेवण्याची सवय नसलेले. त्यामुळे हे शुल्क बहुधा यंत्रमागाच्या कच्च्या मालावर येते, त्याच्या तयार मालाच्या रक्षणाला क्वचितच. ताग आणि लिननचे कापड हे अपवाद, कारण तिथे उत्पादक मोजके आहेत.

व्हिस्कोस स्टेपल फायबरवर, चीन आणि इंडोनेशियाच्या मालासाठी, हे शुल्क जुलै २०१० पासून ऑगस्ट २०२१ पर्यंत होते. अकरा वर्षे. पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेल्या पीटीएवरचे शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये अर्थसंकल्पासोबत ‘सार्वजनिक हिता’साठी काढले गेले. दोन्ही वेळा सूत वापरणाऱ्यांची तक्रार एकच होती: कच्चा माल महाग आणि तयार कापड मात्र बाहेरून खुले. ही तक्रार कुठे आणि कशी नोंदवायची ते शेवटच्या भागात आहे.

कापडाच्या बाजूने सरकारने वेगळी हत्यारे काढली आहेत, आणि लोक त्यांनाच अँटी-डंपिंग म्हणतात. मार्च २०२४ मध्ये परदेश व्यापार महासंचालनालयाने काही कृत्रिम धाग्यांच्या निटेड कापडांवर किलोला ३.५ डॉलर किमान आयात किंमत लावली. हे शुल्क नव्हे, आयातीवरची अट आहे. ती लागू असेपर्यंत त्याखालच्या भावाने माल आणता येत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात नऊ प्रकारच्या निटेड कापडांचे मूळ सीमाशुल्क ‘२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त ते’ असे झाले. हे साधे सीमाशुल्क, एखाद्या देशाच्या नावाने नव्हे. अँटी-डंपिंग शुल्काला मात्र देशाचे नाव लागते, आणि बहुधा गिरणीचेही. तिन्ही स्वतंत्रपणे तपासावी लागतात. एक लागत नाही म्हणून दुसरे टळत नाही.

अधिसूचना वाचण्याची रीत

सीबीआयसीच्या, म्हणजे केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या, संकेतस्थळावर सीमाशुल्काच्या अधिसूचनांत ‘कस्टम्स (एडीडी)’ अशी वेगळी मालिका असते. तिथून मालाच्या नावाने शोधा. एचएस कोडने (मालाच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाने) शोधायला जाणे हीच पहिली आणि सर्वांत महाग चूक. अधिसूचनेत शीर्षक क्रमांक असतो खरा, पण डीजीटीआरच्या निष्कर्षात जवळजवळ नेहमी लिहिलेले असते की वर्गीकरण केवळ निर्देशक आहे. शुल्क वर्णनावर लागते. वर्णनात बसणारा माल दुसऱ्या कोडखाली आणला म्हणून तो सुटत नाही.

वर्णन शब्दाशब्दाने वाचा. चीनहून येणाऱ्या लिनन सुतावर ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच वर्षांसाठी शुल्क लागले, ते ‘७० ली काउंटखालच्या’ सुतावर. काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप, आकडा मोठा तितके सूत बारीक; ली हे लिननचे एकक. दर गिरणीनुसार किलोला ०.५० ते ४.८३ डॉलर. आता चिनी इनव्हॉइसवर काउंट बहुधा मेट्रिकमध्ये, म्हणजे एनएममध्ये असतो. लीमध्ये बदलण्यासाठी एनएमला १.६५३५ ने गुणा. एनएम २६ म्हणजे जवळपास ४३ ली, स्पष्टपणे शुल्कात. एनएम ४२ हा ६९.४ ली भरतो, म्हणजे अगदी हद्दीवर. एनएम ४३ हा ७१.१ ली, बाहेर. कापसाच्या पद्धतीचा एनई काउंट दिला असेल तर २.८ ने गुणा. एनई २५ बरोबर ७० ली होतो, आणि ‘खालच्या’ या शब्दामुळे तो सुटतो.

पण कागदावर सुटणे वेगळे आणि प्रयोगशाळेत सुटणे वेगळे. सुताच्या काउंटमध्ये थोडा फरक पडतोच. हद्दीला चिकटून असलेला माल मागवला आणि नमुना ६८ ली निघाला, तर पूर्ण शुल्क, व्याज आणि चुकीच्या माहितीचा ठपका, हे सगळे आयातदाराच्या माथी. हद्दीपासून चार-पाच ली अंतर नसेल तर असा सौदा शुल्क धरूनच करावा. दोन पदरी सुतात आणखी एक गाठ आहे. एनएम ६०/२ चा एकेरी धागा ९९ ली, पण जोडधागा ५० च्या आत. वर्णनात एकेरी काउंट अभिप्रेत आहे की जोडधाग्याचा, हे अंतिम निष्कर्षातल्या ‘विचाराधीन उत्पादन’ या परिच्छेदात शोधा. अर्थ मंत्रालयाची अधिसूचना दोन-तीन पानांची असते. निष्कर्ष कितीतरी मोठा. वगळलेले प्रकार, त्यांची कारणे, कोणी काय मागितले आणि काय नाकारले गेले, हे सगळे त्या दुसऱ्या कागदात असते. दोन्ही डाउनलोड करून एजंटला द्या.

मग तक्त्याकडे वळा. रकाने साधारण असे: मूळ देश, निर्यात करणारा देश, उत्पादक, रक्कम, एकक, चलन. जुन्या अधिसूचनांत निर्यातदाराचाही वेगळा रकाना असे. पहिल्या काही ओळींत नाव घेतलेल्या गिरण्या आणि त्यांचे कमी दर. शेवटच्या ओळींत ‘इतर कोणीही’ आणि सर्वांत जास्त दर. आणखी एक ओळ हमखास असते: मूळ देश चीन, निर्यात करणारा देश ‘कोणताही’. दुबई किंवा सिंगापूरच्या व्यापाऱ्याकडून घेतलेला चिनी माल याच ओळीत पकडला जातो. उलट ओळही असते: माल दुसऱ्या देशाचा, पण चीनमधून निघालेला.

उत्पादकाचे नाव तक्त्यातल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. लिननच्या उदाहरणात डॉलर ८५ रुपये धरला तर ०.५० म्हणजे किलोला ४२.५० रुपये आणि ४.८३ म्हणजे ४१०.५५ रुपये. एवढी दरी केवळ नावावर अवलंबून. त्याच समूहाची दुसरी कंपनी, बदललेले नाव, नवा कारखाना, यांपैकी काहीही असले तरी कस्टम्स ‘इतर’ दर लावते. नाव बदलले असेल तर ते डीजीटीआरकडून मान्य होऊन अधिसूचनेत दुरुस्ती व्हावी लागते. गिरणीने स्वतःच्या लेटरहेडवर लिहून दिलेले पत्र चालत नाही.

वापसी नसलेला खर्च: पूर्ण हिशेब

समजा १०,००० किलो सूत, सीआयएफ भाव (विमा आणि जहाजभाड्यासह) किलोला ८ डॉलर, कस्टम्सचा विनिमय दर ८५ रुपये. मूळ सीमाशुल्क १० टक्के, समाजकल्याण अधिभार त्याच्या १० टक्के, अँटी-डंपिंग शुल्क किलोला २ डॉलर, आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) ५ टक्के धरू. हे दर उदाहरणासाठी आहेत. आपल्या मालाचे घालून बघा.

मालाचे मूल्य ६८,००,००० रुपये. मूळ सीमाशुल्क ६,८०,०००. अधिभार ६८,०००. अँटी-डंपिंग शुल्क २०,००० डॉलर, म्हणजे १७,००,००० रुपये. अधिभार फक्त मूळ सीमाशुल्कावर मोजतात, अँटी-डंपिंगवर नाही. आयजीएसटी मात्र या सगळ्यांच्या बेरजेवर: ९२,४८,००० वर ५ टक्के, ४,६२,४०० रुपये. शुल्कापोटी बंदरावर भरायची एकूण रक्कम २९,१०,४०० रुपये.

आयजीएसटीचे क्रेडिट मिळते. बाकीचे मिळत नाही. म्हणून सूत पडले ९२४.८० रुपये किलो. शुल्क नसते तर ७५४.८०. किलोमागे १७० रुपयांचा फरक. मीटरला १५० ग्रॅम सूत जाणारे कापड असेल तर मीटरमागे २५.५० रुपये वाढले. ग्राहकाला भाव देण्याआधी हा शेवटचा आकडा काढा, बंदरावरच्या रकमेवरून अंदाज बांधू नका.

वजनाची एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. शुल्क किलोवर असेल तर सूत गुंडाळलेल्या कागदी कोनाचे वजनही शुल्क खाते. सव्वा किलोचे ८,००० कोन आणि रिकामा कोन ५० ग्रॅमचा धरा: ४०० किलो पुठ्ठा. वरच्या दराने ६८,००० रुपये. पॅकिंग लिस्टवर एकूण, रिकामे आणि निव्वळ अशी तिन्ही वजने स्वतंत्र रकान्यांत मागा, आणि एका रिकाम्या कोनाचे वजनही लिहून घ्या. एककही तपासा. लिननचा दर किलोला होता, तागाचा टनाला. एजंटच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शून्य इकडचे तिकडे झाले की प्रकरण वर्षभर चालते.

काही जुन्या अधिसूचनांत ‘संदर्भ किंमत’ असते: माल त्याहून स्वस्त पडत असेल तर फरक भरायचा, नसेल तर काही नाही. असे दिसले तर पडत किंमत कशी मोजायची, तिची व्याख्या त्याच अधिसूचनेच्या स्पष्टीकरणात असते.

तारखांचे खेळ

दर कोणत्या दिवसाचा? बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सकडे द्यायचे आयातीचे विवरण) दाखल झाल्याची तारीख किंवा जहाजाला एन्ट्री इनवर्ड (माल उतरवण्याची परवानगी) मिळाल्याची तारीख, यांतली नंतरची. ऑर्डर कधी दिली, बँकेची एलसी (पतपत्र) कधी उघडली, माल चीनमधून कधी निघाला, याला काहीही महत्त्व नाही. माल समुद्रात असताना अधिसूचना आली तर शुल्क लागते. बॉन्डेड गोदामात (शुल्क न भरता माल ठेवायच्या गोदामात) ठेवलेल्या मालाला गोदामातून बाहेर काढण्याच्या बिलाचा दिवस लागतो. सहा महिने आधी उतरवलेला माल म्हणून सुटका नाही. विनिमय दरासाठी मात्र बिल ऑफ एन्ट्री सादर केल्याची तारीख धरतात.

दिवस तर सोडाच, वेळही मोजली जाते. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क लावणारी अधिसूचना ई-राजपत्रात रात्री ८ वाजून ४६ मिनिटांनी चढली. त्याच दिवशी आधी दाखल झालेल्या बिलांना ते लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. म्हणून शुल्क येण्याची चाहूल असेल तेव्हा बिल दाखल केल्याच्या वेळेची नोंद आणि राजपत्राच्या प्रतीवरची वेळ, दोन्ही जपा.

चौकशी सुरू झाल्यावर ६० दिवसांनंतर हंगामी शुल्क लागू शकते. अंतिम दर त्याहून कमी ठरला तर फरक परत मिळतो. जास्त ठरला तर जादा वसूल केला जात नाही. चौकशी चालू असलेल्या मालाचा दोन-तीन महिने पुढचा सौदा करताना करारात एक ओळ घाला: माल उतरण्याआधी नवे शुल्क लागल्यास ते कोण सोसणार, किंवा सौदा रद्द करता येईल का. विक्रेता कां-कूं करेल. त्याची ती कां-कूं हाही एक इशाराच समजा.

मूळ देशाची पळवाट आणि तिचा शेवट

मुक्त व्यापार करारामुळे मूळ सीमाशुल्क शून्य झाले तरी अँटी-डंपिंग शुल्क माफ होत नाही. बांगलादेश आणि नेपाळच्या तागावर ५ जानेवारी २०१७ पासून टनाला ६.३० ते ३५१.७२ डॉलर शुल्क लागले, आणि ते शेजारी देशांच्या सवलतीच्या व्यापारावर लागले.

त्याच प्रकरणात पुढे एक शहाणपण झाले. शुल्क तागाच्या पोत्यांवर होते, म्हणून पोत्यांचे कापड आणून इथे शिवायला सुरुवात झाली. पोते नाही, कापड आहे, असा युक्तिवाद. नियमांत याला शुल्क चुकवणे म्हणतात, आणि त्यासाठी वेगळी चौकशी होते. २०१९ मध्ये बांगलादेशच्या त्या कापडावरही शुल्क आले. सुतात किरकोळ बदल करणे किंवा तिसऱ्या देशात नुसते रीळ बदलून पाठवणे, यांची गतही तीच होते.

तिसऱ्या देशाचा माल असल्याचे कोणी सांगत असेल तर कताई तिथे खरोखर होते का, हे बघा: गिरणीचे उत्पादन प्रमाणपत्र, तिच्या विजेच्या किंवा तंतू खरेदीच्या नोंदी, कार्टनवरची आणि कोनाच्या आतली लेबले. आतल्या लेबलवर चिनी अक्षरे असलेला ‘व्हिएतनामचा’ माल तपासणीत अडकतो. सवलतीच्या दरासाठी २०२० च्या नियमांप्रमाणे मूळ देशाची माहिती आयातदाराने स्वतः ठेवावी लागते. ‘विक्रेत्याने सांगितले’ हे उत्तर आता चालत नाही.

चूक जाणूनबुजून केली असे ठरले तर मागणी पाच वर्षे मागे जाऊ शकते, साध्या चुकीत दोन वर्षे. वर १५ टक्के व्याज, आणि लबाडी सिद्ध झाल्यास शुल्काएवढा दंड.

कस्टम्सशी मतभेद झाल्यास

न्हावा-शेवाला माल अडकला की दिवसागणिक डिटेन्शन (कंटेनर अडकवल्याचे भाडे) चढते, त्यामुळे बरेच जण जास्त दर निमूट भरतात आणि नंतर परताव्याचा अर्ज करतात. तो टिकत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मूळ आकारणीला आव्हान दिल्याशिवाय परतावा मागता येत नाही. म्हणून भरताना लेखी विरोध नोंदवा, कारणांसह आदेश मागा (तो १५ दिवसांत द्यायचा असतो) आणि ६० दिवसांच्या आत आयुक्तांकडे अपील करा. विरोध नोंदवला म्हणजे अपील झाले, असा समज अनेकांना महागात पडला आहे.

नमुना काढताना हजर राहा. एकाच कार्टनमधून नको, वेगवेगळ्या लॉटमधून काढायला सांगा, आणि सीलबंद दुसरा नमुना राखून ठेवायची मागणी लेखी करा. फेरचाचणी मागायची वेळ आली तर तोच कामाला येतो. स्वतःच्या खात्रीसाठी माल निघण्याआधी नमुना मागवून मुंबईत प्रभादेवीच्या टेक्सटाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत काउंट, डेनियर आणि घटक तपासून घ्यावेत. चाचणीचा खर्च शुल्काच्या पुढे काहीच नाही.

निर्यातदारांना काय सूट

ॲडव्हान्स ऑथोरायझेशनवर (निर्यातीच्या मालाचा कच्चा माल शुल्काविना आणण्याच्या परवान्यावर), प्रत्यक्ष निर्यातीसाठी आणलेल्या सुताला हे शुल्क माफ असते. निर्यातप्रधान घटकालाही सहसा लागत नाही, पण त्या सुताचा माल देशांतर्गत बाजारात विकला की लागते. शुल्क भरून आणलेल्या सुताचे कापड निर्यात झाले असेल तर ड्रॉबॅकच्या (निर्यातीनंतर शुल्क परत मिळण्याच्या योजनेच्या) सर्वसाधारण दरात ते धरलेले नसते. ब्रँड रेट, म्हणजे आपल्या मालापुरता वेगळा दर, ठरवून घ्यावा लागतो. त्यासाठी कोणत्या बिल ऑफ एन्ट्रीचे किती सूत कोणत्या शिपिंग बिलात गेले, ही साखळी वहीत पहिल्या दिवसापासून हवी. मागाहून ती जुळवता येत नाही.

चौकशीत बाजू मांडायची तर

डीजीटीआरची प्रारंभ-अधिसूचना निघाली की प्रश्नावलीला साधारण ३० दिवस मिळतात. यंत्रमागधारकांची हार बहुतेक वेळा इथेच होते. सुनावणीला दिल्लीत निवेदन घेऊन जाण्याला फार अर्थ उरत नाही, कारण प्रश्नावली भरण्याची वेळ तेव्हा निघून गेलेली असते. संघटनेतल्या एका माणसाने डीजीटीआरचे संकेतस्थळ आठवड्याला एकदा उघडायचे, एवढी व्यवस्था पुरेशी आहे.

वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करा. आयातदारांची प्रश्नावली वेगळी, आर्थिक हिताची वेगळी. भरताना भावना नको, आकडे हवेत: कापडाच्या मीटरमागे सूत किती ग्रॅम, एकूण खर्चात सुताचा वाटा किती टक्के, प्रस्तावित शुल्काने मीटरमागे किती रुपये वाढतात, तेच कापड बाहेरून काय भावाने येते. वर १७० रुपयांवरून २५.५० वर आलो, तसला हिशेब दहा वेगवेगळ्या कापडांचा, चार्टर्ड अकाउंटंटच्या सहीने द्या.

सर्वांत फलदायी मागणी असते वगळण्याची. ‘शुल्कच लावू नका’ हे सगळेच म्हणतात. ‘अमुक डेनियरचा, अमुक फिलामेंटचा, अमुक लस्टरचा धागा इथे बनत नाही, तो वगळा’ हे थोडेच म्हणतात, आणि त्यांचेच ऐकले जाण्याची शक्यता जास्त. पुरावा हवा: इथल्या गिरण्यांना पाठवलेली चौकशीची पत्रे, त्यांचे नकार किंवा दोन महिने उत्तर न आल्याची नोंद, इथला नमुना मागावर चालवल्यावर आलेल्या तुटींचा चाचणी अहवाल. प्रकार मोजता येईल अशा मापांत सांगा. ‘उच्च दर्जाचे सूत’ हे वर्णन कस्टम्सला बंदरावर तपासता येत नाही, म्हणून डीजीटीआर ते मान्य करत नाही.

गोपनीय माहितीच्या प्रत्येक पानासोबत सर्वांना दाखवता येईल असा सारांश द्यावा लागतो. खरे आकडे झाकून पहिले वर्ष १०० धरून निर्देशांक द्या. तो सारांश नसेल तर गोपनीय माहितीही बाजूला पडते. तोंडी सुनावणीत बोललेले ठरलेल्या मुदतीत लेखी दिले नाही, तर ते बोललेच नाही असे धरतात. निष्कर्षाच्या आधी मुख्य तथ्ये कळवणारे प्रकटन-पत्र येते. त्यावर उत्तराला थोडेच दिवस असतात, पण चुकीच्या वर्णनाची दुरुस्ती करून घेण्याची ती शेवटची संधी. त्यानंतरचा रस्ता म्हणजे सेस्टॅट, सीमाशुल्काच्या अपिलांचे न्यायाधिकरण: ९० दिवस, १५,००० रुपये फी.

अर्ज करणाऱ्या उत्पादकांची वाट खडतर आहे. अर्ज ऑनलाइन, गेल्या बारा महिन्यांचा चौकशी-काळ, त्याआधीच्या तीन वर्षांची इजेची आकडेवारी, उत्पादनवार खर्च, आणि कोलकात्याच्या डीजीसीआय अँड एस या सरकारी सांख्यिकी कार्यालयाची आयातीची व्यवहारवार माहिती. चौकशी-काळ सहा महिन्यांपेक्षा जुना झाला की अर्ज शिळा होतो. एखाद्या देशाचा आयातीतला वाटा ३ टक्क्यांखाली असेल, किंवा तफावत निर्यात भावाच्या २ टक्क्यांहून कमी असेल, तर त्या देशापुरती चौकशी सहसा बंद होते. शिवाय अर्जदाराने स्वतःच तोच माल आयात केला असेल, तर त्याला देशी उत्पादकांच्या व्याख्येतून वगळले जाऊ शकते. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्या गिरण्यांची इथेच अडचण होते.

शुल्काची मुदत पाच वर्षे. मुदत संपत आल्यावर पुनर्विलोकन होते आणि ते चालू असेपर्यंत शुल्क आणखी वर्षभर ओढता येते. पुढे पुन्हा पाच वर्षे. तागाचे २०१७ चे शुल्क असेच ओढले गेले आणि डिसेंबर २०२२ मध्ये नव्याने पाच वर्षांसाठी लागले. पण मुदतवाढीची अधिसूचना जुनी मुदत संपण्याआधीच निघावी लागते, हे २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. म्हणून आपल्या मालाच्या अधिसूचनेची शेवटची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, तिच्या आधीच्या दोन महिन्यांत निघणाऱ्या कंटेनरचा भाव शुल्कासह आणि शुल्काविना असा दोन्ही काढून ठेवा, आणि त्या दिवशीचे ई-राजपत्र मध्यरात्रीपर्यंत पाहून मगच बिल ऑफ एन्ट्री दाखल करा.